गोतसभा ते दिवाणी कोर्ट : महाड-पोलादपूर मुलखांतील स्थानिक न्यायाचा विचार

(१)

महाड व पोलादपूर या तालुक्यांत ज्यांच्या घरीं जुनें दप्तर आहे अशीं घराणीं अद्यापि थोडीं नाहींत. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. तथापि मोडी वाचतां येते एवढ्या भांडवलावर पुष्कळांनीं आपले रुमाल त्याजपुढें सोडले. त्या अनुभवांत एक गोष्ट वारंवार दिसून आली. बंदास बंद चिकटवून केलेला लांब कागद निघाला कीं घरचीं माणसें त्यास 'सनद' म्हणतात व संग्राहक 'निवाडा' म्हणतात. वस्तुतः तो पुष्कळदां महजर असतो. आणि महजर म्हणजे सनद नव्हे व केवळ निवाडाही नव्हे. आरंभींचा शक, मध्यें आलेलें एखादें मोठें नांव आणि वतनाचा तपशील एवढें वाचून झालें म्हणजे कागद पुनः गुंडाळला जातो. शेवटच्या निशाण्या कोणी मोजीतही नाहीं.

या लेखाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, महजराचें खरें मोल त्या शेवटच्या निशाण्यांत आहे. न्याय कोणीं केला आणि त्या ठिकाणचे म्हणून कोण कोण गणले गेले, या दोन प्रश्नांचें उत्तर तेथें असतें. हाच दुसरा प्रश्न इ. स. १९२७ पासून १९३७ पर्यंत याच महाडांत, एका तळ्याच्या निमित्तानें, निराळ्या प्रकारच्या न्यायसभेपुढें उभा राहिला. जुनी गोतसभा व नवें दिवाणी कोर्ट यांमधील अंतर त्या दाव्याइतकें स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल. म्हणून प्रथम जुन्या सभेचें स्वरूप सांगून मग त्या दाव्याकडे वळूं.

(२)

शब्दांपासून आरंभ करणें बरें. 'गोत' हा शब्द संस्कृत 'गोत्र' शब्दाचा अपभ्रंश; परंतु जुन्या कागदांत त्याचा अर्थ एका कुळाचे भाऊबंद एवढाच नाहीं. 'समस्त गोत' म्हटलें म्हणजे त्यांत मोकदम, कुळकर्णी, चौगुले, शेटे-महाजन, बलुतेदार हे भिन्न ज्ञातींचे व भिन्न धंद्यांचे लोक येतात. रक्ताच्या नात्याचा शब्द एका स्थळीं नांदण्याच्या नात्यास लागला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गांवची ती गोतसभा. परगण्याचे देशमुख-देशपांडे व गांवोगांवचे मोकदम मिळून बसले कीं तिला देशकसभा म्हणत. सरकारी अंमलदार व वतनदार एकत्र बसले म्हणजे ती मजालस. मजालस व महजर हे दोन्ही शब्द अरबी. पहिल्याचा मूळ अर्थ बैठक, दुसऱ्याचा हजर असणें. जे हजर होते त्यांच्या समक्ष झालेल्या निर्णयाचा कागद तो महजर. म्हणून 'हाजिरमजालस' म्हणून जी नांवांची याद येते ती केवळ शोभेची नव्हे. ती काढिली तर कागदाच्या नांवासच अर्थ उरत नाहीं.

याच कागदांत वादी-प्रतिवादींस मात्र 'अग्रवादी' व 'पश्चिमवादी' अशीं शुद्ध संस्कृत नांवें आहेत. पूर्वीं बोलतो तो अग्रवादी, मागून उत्तर देतो तो पश्चिमवादी. जबानी ती तकरीर, वतनाची हकीकत तो करीना, तोंडी-लेखी विचारपूस ती पुरशिस. धर्मशास्त्राचा सांगाडा व फारशी दप्तराची भाषा यांचा असा मिलाफ झालेला आहे. त्यांतील एकच बाजू जाणणारास महजर अर्धाच कळतो.

(३)

हा सांगाडा कोणता तें पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत न्याय पाहणारांची एक उतरंड सांगितली आहे. राजानें नेमिलेले अधिकारी, त्यांच्या खालीं पूग, त्याच्या खालीं श्रेणि आणि शेवटीं कुल. पूर्वपूर्व तो श्रेष्ठ. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत पूगाचा अर्थ असा केला आहे कीं, भिन्न जातींच्या व भिन्न वृत्तींच्या, परंतु एका ठिकाणीं राहणाऱ्या लोकांचा समुदाय. ग्राम-नगरें हीं त्याचीं उदाहरणें. श्रेणि म्हणजे एका कर्मावर उपजीविका करणारांचा संघ, आणि कुल म्हणजे नात्यागोत्याचा समुदाय. आपली गोतसभा नांवानें कुलासारखी दिसली तरी स्वरूपानें ती पूगच होय, हें यावरून ध्यानांत येईल.

पुराव्याचेंही तसेंच. लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन मानवी प्रमाणें. त्यांपैकीं एकही न मिळाल्यास दिव्य. गोतसभा याच क्रमानें चाले : कागद, भोगवटा, साक्ष आणि अखेरीस दिव्य. भोगवटा व मूळ हक्क यांत विरोध आला तर मूळ हक्क बलवत्तर. मात्र वडिलांपासून क्रमानें चालत आलेला भोगवटा यास अपवाद, असें स्मृतिकार सांगतात. हा अपवाद वाचकांनीं स्मरणांत ठेवावा. पुढें तळ्याच्या दाव्यांत त्याचाच भाऊ भेटणार आहे. शिवेच्या तंट्यांत तर शेजारच्या गांवचे लोक, वृद्ध, गुराखी, शिवेलगत नांगर धरणारे व रानांत वावरणारे यांस विचारावें, असें शास्त्र आहे. ज्याचा पाय त्या जमिनीवर रोज पडतो त्याची साक्ष मोठी, हें त्यांतील तत्त्व.

(४)

आतां प्रत्यक्ष कामाची रीति. तंटे बहुधा वतनाचे : देशमुखी, पाटिलकी, कुळकरण, जोसपण, वडीलपणाचा मान, भावांची वाटणी, गांवची शीव. अग्रवादी प्रथम दिवाणांत, म्हणजे सरकारी अंमलदारापाशीं, फिर्याद नेई. अंमलदार स्वतः निर्णय करीत नसे. गोत बसवून मनसुफी करावी अशी तो आज्ञा देई. उभय वादी आपापल्या तकरिरा लिहून देत, जामीन देत, आणि हें स्थळ आपणांस मान्य आहे व येथें होईल त्याप्रमाणें वर्तूं असा कतबा लिहून देत. स्थानिक गोत एका बाजूस कलतें असा संशय असल्यास परस्थळ मागतां येई. म्हणजे दुसऱ्या गांवच्या अथवा परगण्याच्या सभेपुढें काम नेतां येई. गांवच्या सभेंत गांवचेच हितसंबंध बसलेले असतात, हें जुने लोक जाणून होते.

मग कागद पाहत. कागद नसेल किंवा संशयित असेल तर साक्षी. साक्षीदार देवापुढें बेलभंडार उचलून किंवा नदीच्या पात्रांत उभा राहून बोले. साक्षीनेंही भागलें नाहीं तर दिव्य. रवादिव्यांत तापलेल्या तेलातुपांतून धातूचा रवा हातानें काढावयाचा. तत्पूर्वीं हात धुऊन नखें काढीत, नंतर हातास पिशवी घालून तिजवर मोहर करीत व नेमल्या दिवशीं सभेसमक्ष ती उघडीत. आज ही रीति क्रूर व निरर्थक वाटते, आणि ती तशी होतीच. परंतु हातावरील पिशवीची मोहर व सभेसमक्ष ती उघडणें यांत कपट होऊं नये म्हणून घेतलेली काळजीही दिसते.

निर्णय झाला म्हणजे महजर लिहीत. त्यांत हजर असलेल्यांचीं नांवें, उभयतांच्या तकरिरा, पुराव्याचा सारांश व निवाडा इतकें असे. सरकारी अंमलदारांचे शिक्के, देशमुख-देशपांड्यांचीं नांवें, मग मोकदम, शेटे-महाजन व बलुतेदार अशी साधारण उतरंड. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करी : कुणब्या-पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. हरलेला पक्ष जिंकलेल्यास येजितखत लिहून देई, कीं आपला दावा खोटा ठरला, पुढें याविषयीं कटकट करणार नाहीं. जिंकलेल्याकडून सरकार हरकी घेई व हरलेल्याकडून गुन्हेगारी.

येथें संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य आहे. महजर व येजितखत हे दोन्ही कागद जिंकणाऱ्याच्या घरीं राहत. हरलेल्याच्या घरीं त्यांची प्रत ठेवण्याचें कारणच नसे. म्हणून घराण्यांच्या दप्तरांवरून जो इतिहास रचला जातो तो बव्हंशीं जिंकलेल्यांचा असतो. पश्चिमवाद्याची तकरीर जर महजरांत पूर्ण उतरलेली असेल तर ती विशेष काळजीनें वाचावी; पुष्कळदां त्या घराण्याचा तेवढाच शब्द मागें उरलेला असतो.

(५)

हा सामान्य महाराष्ट्रधर्म झाला. महाड-पोलादपूर मुलखाचें वैशिष्ट्य असें कीं, येथें देश व कोंकण एकमेकांस भेटतात. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते व बाणकोटास समुद्रास मिळते. महाड हें जुनें बंदर. वरंध व आंबेनळी या घाटांनीं तें देशाशीं जोडलेलें. घाटावर गांवचा मुख्य पाटील. येथें दक्षिण कोंकणाप्रमाणें पुष्कळ गांवीं खोत. खोत हा सरकारास वसूल भरून देणारा मध्यस्थ असल्यामुळें गांवच्या सभेंतील अग्रणी व गांवच्या तंट्यांतील पक्षकार या दोन्ही भूमिका त्याजकडे येण्याचा संभव असे. मुंबई सरकारनें १९४९ च्या कायद्यानें खोती नष्ट केली.

दुसरें वैशिष्ट्य राज्यांतराचें. जावळीचे चंद्रराव मोरे विजापूरच्या वतीनें हा डोंगराळ भाग राखून होते. १६५६ त शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली व त्याच वर्षीं रायरीही घेतली. १६७४ त रायगडावर राज्याभिषेक होऊन अष्टप्रधानांत निराजी रावजी न्यायाधीश झाले. त्या कालांत या मुलखाचें भाग्य असें कीं, राज्याची सर्वोच्च न्यायसभा आणि खेड्याची गोतसभा यांत एका दिवसाच्या चालीचें अंतर होतें. १६८९ त रायगड मोगलांकडे गेला. नंतर तो सिद्दीकडे होता. १७३३ त मराठ्यांनीं परत घेतला. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांकडे गेला. म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या आंत वरचा धनी अनेकदां बदलला. खालचें गोत तेंच राहिलें.

महजरावर इतक्या निशाण्या कां, याचें एक कारण येथें सांपडतें. राजाचा शिक्का राज्य आहे तोंवर. गांवची आठवण मात्र राज्यांतरींही टिकते. शिवेचा दगड कोठें होता, मान प्रथम कोणास मिळे, हें नव्या अंमलदारास ठाऊक नसे. नांगर-तराजू करणाऱ्या लोकांस ठाऊक असे. त्या आठवणीसच येथें साक्षीस बसविलें आहे.

तथापि जुन्या पद्धतीची केवळ स्तुति करणें इतिहासकारास शोभणार नाहीं. धनी बदलला कीं हरलेला पक्ष तोच तंटा पुनः उकरून काढी. मुदतीचा निर्बंध नसल्यामुळें एकेक भांडण पिढ्यान्पिढ्या चाले. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतींचा दिरंगाईपणा, अधिकाराचा अभाव व वरिष्ठांची ढवळाढवळ हे दोष नमूद करूनही ती पद्धति टिकवावी असें मत दिलें. त्याहून मोठा दोष असा कीं, गोत ज्यास आपला मानी त्यासच न्यायाचा आधार. ज्यास दूर बसवी त्याच्या गाऱ्हाण्यास ही सभा बहुधा तोकडीच पडे.

(६)

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यासाठीं १८२७ सालीं कायद्यांची संहिता झाली. तिच्या चौथ्या रेग्युलेशनांतील २६ वें कलम आपल्या विषयास महत्त्वाचें आहे. न्यायाधीशानें प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे पाहावे. ते नसतील तर दावा जेथें उत्पन्न झाला तेथील रूढि. ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि तोही नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक, असा त्यांत क्रम दिला आहे. याप्रमाणें रूढीस कायद्याच्या खालोखाल स्थान मिळालें. त्याच १८२७ सालीं स्टील यानें दक्षिणेंतील जातींच्या चालीरीतींचा ग्रंथ सिद्ध केला, तोही कोर्टास रूढि कळावी म्हणूनच.

परंतु एक मोठें परिवर्तन नकळत झालें. गोतसभेंत रूढि जाणणारे लोक स्वतःच न्याय करीत. रूढि त्यांच्या डोक्यांत असे व निर्णय त्यांच्या तोंडीं. कोर्टांत न्यायाधीश परका. रूढि ही आतां कायदा नसून शाबीत करावयाची एक वस्तुस्थिति झाली. ती प्राचीन, निश्चित, अखंड व वाजवी आहे असें दाखविण्याचा बोजा रूढि सांगणारावर पडला. पूर्वीं जे सभासद होते ते आतां पिंजऱ्यांत उभे राहणारे साक्षीदार झाले, आणि त्यांस उलटतपासणी लागूं झाली.

१८६९ च्या दिवाणी कोर्टांच्या कायद्यानें या व्यवस्थेस स्थिर रूप आलें. जिल्हा न्यायाधीश, असिस्टंट न्यायाधीश व त्यांच्या खालीं पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे सब-जज्ज अशी ही नवी उतरंड. दुसऱ्या वर्गाच्या सब-जज्जास पांच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालविण्याचा अधिकार. महाडास असें दुसऱ्या वर्गाचें कोर्ट होतें. त्यावरील अपील ठाण्यास जाई. लोक त्यास आपलें कोर्ट म्हणत, पण तें गांवाचें नव्हतें. गांवांत बसलेलें सरकारचें होतें. त्याचें हें परकेपणच पुढें एका प्रसंगीं उपयोगी पडलें.

(७)

महाडाच्या चवदार तळ्याचा इतिहास सर्वांस परिचित आहे. येथें केवळ त्याची न्यायाची बाजू सांगावयाची आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा इत्यादि अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुल्या असाव्या असा ठराव रावबहादुर सी. के. बोले यांच्या सूचनेवरून मुंबई कायदेकौन्सिलानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्यें महाड नगरपालिकेनें तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनीं तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केलें. त्यानंतर त्यांजवर मारहाणीचे प्रकार झाले, तळ्याची शुद्धि करण्यांत आली व ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरणार तोंच १२ डिसेंबर १९२७ रोजीं गांवच्या कांहीं सवर्ण गृहस्थांनीं महाडच्या कोर्टांत डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांजवर दावा लाविला. तळें आमचें आहे, तें वापरण्याचा हक्क आमचाच आहे, व प्रतिवादींनीं तेथें येऊं नये, अशी त्यांची मागणी. १४ डिसेंबरास तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. परिषदेस जमलेला समुदाय मोठा असतांही डॉ. आंबेडकरांनीं त्याची समजूत घालून हुकूम मोडूं दिला नाहीं. २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं तो हुकूम कोर्टानेंच रद्द केला.

आतां वादाचें मर्म. अस्पृश्य मानलेले लोक चालू पिढीच्या आठवणींत तळ्यावर येत नव्हते, ही गोष्ट विशेष वादग्रस्त नव्हती. प्रश्न असा कीं, तेवढ्यावरून त्यांस येऊं न देण्याचा हक्क सिद्ध होतो काय ? वादींचा आधार अनादि वहिवाट. स्मृतींतील वडिलोपार्जित भोगवट्याचा जो अपवाद वर सांगितला, त्याचेंच हें नवें रूप. महाडच्या कोर्टानें ८ जून १९३१ रोजीं दावा अमान्य केला. ठाण्याच्या असिस्टंट न्यायाधीशांनीं ३० जानेवारी १९३३ रोजीं अपील फेटाळलें. हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं १७ मार्च १९३७ रोजीं तोच निर्णय कायम केला.

निकालांतील विवेचन इतिहासाच्या अभ्यासकानें मुद्दाम वाचण्यासारखें आहे. तळें चार ते पांच एकरांचें, निदान अडीचशें वर्षांचें. त्याच्या उत्पत्तीचा पुरावा नाहीं. तें पावसाच्या पाण्यानें व कांहीं झऱ्यांनीं भरतें. भोंवतीं नगरपालिकेचे रस्ते. तें नगरपालिकेच्या स्वाधीन असल्यामुळें वादींची मालकी टिकत नाहीं. राहिली वहिवाट. हल्लींच्या लोकांनीं कोणी येतांना पाहिलें नाहीं, हें खरें. पण तेवढ्यावरून ती अनादि ठरत नाहीं. तळें नगरपालिकेकडे येण्यापूर्वीं त्याच्या पाण्याचा असा एकांगी उपभोग राखण्याचा प्रयत्न झाला असेल कीं नाहीं, याविषयींच हायकोर्टानें शंका प्रकट केली. न येणें निराळें आणि येऊं न देण्याचा हक्क निराळा, हा भेद या निकालाचा आत्मा होय.

आम्हां संस्कृतज्ञांस येथें आणखी एक गोष्ट आठवते. धर्मशास्त्रांत तडागोत्सर्ग म्हणून एक विधि आहे. तळें खणून त्याचा उत्सर्ग केला म्हणजे खणणाराचें स्वामित्व सुटतें व पाणी सर्व भूतांचें होतें. ज्या नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख मुंबई इलाख्यांतील कोर्टांनीं प्रमाण मानला, त्याचाच उत्सर्गमयूख या विषयावर आहे. शास्त्रांत विटाळाचीं वचनें आहेत, तशी ही उदार कल्पनाही आहे. कोणतें वचन कोणीं कोणत्या वेळीं पुढें केलें, हा इतिहासाचा विषय. चवदार तळ्याचा उत्सर्ग झाला होता कीं काय याचा पुरावा नसल्यामुळें त्या दाव्यास हें शास्त्र लावतां येत नाहीं, हेंही प्रांजलपणें सांगितलें पाहिजे.

(८)

आतां पुनः महजराच्या तळाकडे येऊं. बलुतेदारांच्या निशाण्यांत महाराचीही निशाणी येते. शिवेच्या तंट्यांत तर त्याची साक्ष मोठ्या वजनाची मानीत. कारण गांवची शीव सांभाळणें हें त्याचें कामच होतें. ज्याच्या शब्दावर गांवची हद्द ठरे, तो त्या गांवाचा नव्हे असें म्हणणें कठीण आहे. परंतु यावरून अधिक अनुमान काढूं नये. निशाणी शेवटीं, बसावयाची जागा दूर, आणि साक्ष मागितली तरच बोलावयाचें. ही समता नव्हे. महजर पाण्याच्या हक्काविषयीं कांहीं सांगत नाहीं. तो सांगतो एवढेंच कीं, 'समस्त गोत' या शब्दांत हा मनुष्य मोजलेला होता. १९२७ सालीं ज्यांनीं अनादि काळाचा आधार घेतला, त्यांच्याच पूर्वजांच्या काळचे कागद अनादि काळाचें चित्र इतकें सोपें नव्हतें असें दाखवितात.

म्हणून दोन्ही न्यायसभांचें मोल निरनिराळें आहे. गोतसभेनें स्थळाची आठवण जपली, पण त्या आठवणींत कोणास किती जागा हें तिनें कधीं तपासलें नाहीं. कोर्टास स्थळाची आठवण नव्हती. म्हणूनच त्यास ती तपासतां आली. एकीचा गुण तो दुसरीचा उणेपणा. न्याय गांवाजवळ नेण्याची इच्छा अद्यापि आहे. २००८ चा ग्रामन्यायालयांचा कायदा तिचेंच फळ. त्याचा विचार करणारांस ही जुनी तुलना निरुपयोगी ठरणार नाहीं.

शेवटीं संग्राहकांस चार गोष्टी. पहिली, महजर उलगडतांना जोड सुटले असल्यास क्रम न बदलतां प्रत्येक बंदास शिसपेनीनें अंक घालावा. जोडावरील शिक्क्याचे दोन अर्ध एकमेकांस जुळतात कीं नाहीं हें पाहिल्यानें मागून घुसडलेला बंद ओळखतां येतो. दुसरी, शक व शुहूर सन दोन्ही दिले असल्यास ताडून पाहावे. शकांत ७८ मिळविल्यास इसवी सन साधारणपणें येतो, शुहूर सनांत ५९९ किंवा ६००, कारण तें वर्ष मृगापासून चालतें. मेळ न बसल्यास नक्कल किंवा बनावट यांचा संशय धरावा. तिसरी, नक्कल करितांना निशाण्या 'इत्यादि' म्हणून सोडूं नयेत; प्रत्येक नांव, गांव व चिन्ह क्रमानें उतरावें. चौथी, कागद विकत घेतला असल्यास तो कोणत्या गांवच्या कोणत्या घराण्यांतून आला हें त्याच वेळीं टिपून ठेवावें. त्यावांचून जिंकलेला कोण व हरलेला कोण याचा अर्धा अर्थ नष्ट होतो.

या मुलखांत ही निकड विशेष आहे. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांत दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें व त्याच दिवशीं तळिये गांवीं दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. माणसांपुढें कागदाची गणना काय ? तरी जें वाचलें आहे तें पुढच्या पावसाळ्यापूर्वीं उतरून घेणें आपल्या हातीं आहे. महाड, बिरवाडी, विन्हेरे, कोंढवी या बाजूंचे महजर ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं मूळ कागद आपल्यापाशीं ठेवून निशाण्यांसह त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या, व प्रस्तुत लेखांत जेथें चूक झाली असेल तेथें ती पुराव्यानिशीं दाखवावी, अशी सर्व अभ्यासकांस विनंति आहे.